एक्कावन्नचं पुडकं

१

चुलीतली राख अजून कोमट होती. न्हाणीच्या दाराशी पाणी तापवायची जी चूल होती, तिच्यापुढे घरातला थोरला मुलगा बन्सीधर उकिडवा बसला होता आणि चिमट्यात धरलेली एक अर्धवट जळालेली चिंधी सगळ्यांना दाखवत होता. हिरव्या लुगड्याचा काठ होता तो. त्याला पुठ्ठ्याचा काळवंडलेला तुकडा लोंबत होता आणि त्यावरचा निळ्या पेन्सिलीचा आकडा जेमतेम वाचता येत होता. ५१.

"बघा बाई," तो मालनबाईंना म्हणाला, "एक्कावन्न सालचं अख्खं पुडकं. जागेचा बैनामा ह्यातच होता. परवा सोमवारी पंचांसमोर आता काय दाखवायचं, कपाळ?"

मालनबाई पिंगळीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. स्वभावानं पक्क्या संशयी. पोरानं पाय दुखत होता म्हणून शाळेत आलो नाही असं सांगितलं, तर बाई कुठला पाय ते विचारून घेत आणि आठ दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा विचारत. गावात त्यांच्याशी खोटं बोलणं म्हणजे फुकटचा ताप, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच बन्सीधरच्या आईनं, सुलाबाईनं, दिवस उगवताच त्यांना बोलावून घेतलं होतं.

सुलाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिचा नवरा सिताराम रेल्वेत गँगमन होता. स्टेशनजवळचा हा जागेचा तुकडा त्यानं गावातल्याच दिनकररावाच्या बापाकडून विकत घेतला होता. किंमत थोडी, म्हणून कागद कचेरीत नोंदवलेला नव्हता. अंगठे उठवलेला एकच बैनामा, म्हणजे खरेदीचा कागद, तोही घरातच. सिताराम वारला, दिनकररावाचा बाप वारला, आणि आता स्टेशनरोडला गोदामं उठायला लागल्यावर दिनकरराव म्हणत होता की जागा विकलीच नव्हती, नुसती राहायला दिली होती.

"सकाळी उठून चूल कोण पेटवतं?" बन्सीधर उठत म्हणाला. "पंचफुला. जळणाला कागद कुणी घातला? पंचफुलानं. उगंच चौकशी कशाला?"

धाकटी सून पंचफुला दाराच्या चौकटीला धरून उभी होती. चेहरा दगडासारखा. तिचा नवरा दत्तराव नुकताच जिनिंगच्या रातपाळीवरून आला होता आणि बायकोकडे न बघता जमिनीकडे बघत होता.

"मी न्हाई जाळलं," ती एवढंच म्हणाली.

"मंग काय त्याला पाय फुटले?" सुलाबाईचा आवाज चिरकला. "दत्त्या, दुपारच्या गाडीनं हिला परभनीला ने आन् जिंतूरच्या एस्टीत बसवून दे. हिच्या बापाच्या घरी ऱ्हाऊ दे हिला, कायमची."

थोरली सून कमलबाई, बन्सीधरची बायको, आता पुढं झाली.

"ती खरं बोलंल कशी? परवा आडावर दिनकररावासंगं बोलत उभी व्हती. मी माझ्या डोळ्यानं बघितलं."

पंचफुलेच्या हातातली चौकट सुटली.

२

मालनबाईंनी पहिल्यांदा ट्रंक बघायला मागितली.

सितारामनं आयुष्यात एकही कागद फेकला नव्हता. पगाराच्या चिठ्ठ्या, घरपट्टी, पोरांच्या शाळेच्या पावत्या, कडबा घेतल्याची चिठ्ठी, दवाखान्याचं औषध लिहिलेला चिटोरा, सगळं ह्या एका ट्रंकेत. दिवाळी तोंडावर आली होती, म्हणून बन्सीधर बायकोला घेऊन परभणीहून आवराआवरीला आला होता आणि त्यानंच विषय काढला होता की हा पसारा किती दिवस सांभाळायचा. तो म्हणाला, बारा वर्षं. औंदा त्र्याहत्तर, म्हणजे एकसष्टपासूनचं ठेवायचं, त्याच्या आधीचं जाळून टाकायचं. सुलाबाई ऐकेना.

"आमच्या बापजाद्याच्या नावानं कागद म्हनून नव्हता, बाई," ती मालनबाईंना म्हणाली. "कुनी बी यावं, ऊठ म्हनावं. म्हनून ह्ये मानूस चिटोरं बी टाकत नव्हतं. म्या बन्सीला म्हनलं, सोमवार हुंद्या. तवर काडी लावायची न्हाई."

"आणि बैनामा आधीच बाजूला काढून का नाही ठेवला?"

"मोडीत हाय त्यो. घरात कुनाला मोडी येती? बन्सी म्हनला, रविवारी परभनीच्या एका म्हाताऱ्याला आनून हुडकून घेतो."

मग घरात चौथीपर्यंत शिकलेली पंचफुला कामाला लागली होती. तिनं कागदांवरचे सालाचे आकडे बघून ढीग लावले, प्रत्येक सालाचं पुडकं जुन्या लुगड्याच्या काठानं बांधलं आणि पुठ्ठ्यावर आकडा घालून अडकवला. काल दिवे लागायच्या आत ट्रंक भरून झाली होती. आज त्यात पन्नासनंतर एकदम बावन्न होतं.

मालनबाईंनी एक पुडकं उचललं. गाठीचं टोक ओढलं, तर ती सर्रकन सुटली. दुसरं उचललं. तिथंही तीच सुरगाठ. त्यांनी दोन्ही पुन्हा बांधली.

बन्सीधर परभणीच्या एका कचेरीत दप्तरखान्यात कारकून होता. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन, बोलणं मोजकं. मालनबाईंना तो आवडायचा. गेल्याच आठवड्यात तो शाळेत येऊन धाकट्या भावाच्या जन्मतारखेचा दाखला घेऊन गेला होता, दत्ताला कुठंतरी नोकरीला चिकटवायचं म्हणून. भाऊ असावा तर असा, असं बाईंना तेव्हा वाटलं होतं.

"तुमच्याकडे बरं असेल," बाई त्याला ओसरीवर घेऊन बसल्या. "सगळं शिस्तीत."

"शिस्तीशिवाय चालतं का, बाई? कागद आला की पुडक्यात. पुडक्यावर चिठ्ठी. साहेबानं मागितलं की चिठ्ठी बघायची आणि पुडकं उचलून द्यायचं. सोडून बघत बसलं तर जन्म जायचा."

"आणि किती वर्षं ठेवता?"

"त्याच्या याद्या असतात. किरकोळ पत्रव्यवहार वर्ष-दोन वर्षं. हिशेबाचे दहा. जमीनजुमल्याचं ते कायम, त्याला हात लावायचा नाही." आपल्या कामाबद्दल बोलताना त्याचा चेहरा खुलला होता.

"शाळेतही तसंच. हजेरी काही वर्षांनी रद्दीत, जनरल रजिस्टर मात्र कायम." बाई हसल्या. "पण कागदावर माझा विश्वास जरा कमीच हो. माझ्या वडिलांनी माझं जन्मसाल वहीत २८ लिहून ठेवलेलं. नोकरीला लागले तेव्हा कारकुनानं ते १९२८ धरलं. मी अठरा सालची! दहा वर्षांनी तरुण करून टाकलं मला. दुरुस्त करून घ्यायला किती खेटे घातले."

"राहू द्यायचं होतं की," बन्सीधर मनापासून म्हणाला. "दहा वर्षं नोकरी जास्त झाली असती."

बाई हसल्या खऱ्या, पण ते वाक्य त्यांच्या मनात कुसळासारखं अडकून राहिलं.

३

कमलबाई भाकरी थापत होती. जावेवरचा तिचा राग तिला लपवताही येत नव्हता.

"चार बुकं शिकली तर लय शानी समजती सोताला. पुडकी बांधताना मला म्हनती कशी, जाऊबाई, तुमी निस्तं काठ फाडून द्या."

"मग तुम्हाला आकडे येत नाहीत?"

"मला कुठलं येतंय?"

हे खरं मानतील तर त्या मालनबाई कसल्या! त्यांनी पिशवीतून शाळेचं एक पत्रक काढलं आणि उलटं करून तिच्या हातात दिलं. "एवढं धरा जरा, मी चष्मा शोधते." कमलबाईनं पिठाच्या हातानं ते तसंच उलटं धरलं, त्यावरच्या चित्राकडे कौतुकानं बघितलं आणि तसंच परत दिलं. मानही वाकडी केली नाही. बाईंनी पत्रक घडी करून ठेवलं. ही पुडकं चोरील, पण नेमकं एक्कावन्नचं निवडून काढणं तिला जमायचं नाही.

दिनकरराव आपल्या ओट्यावर पान जमवत बसला होता. बाईंना त्यानं बसायला चटई दिली, चहाचं विचारलं, आणि चहा यायच्या आत विषयावर आला.

"माझं म्हननं साधं हाय, बाई. कागद दाखवा, जागा खुशाल घ्या. न्हाईतर खाली करा. आन् खरं सांगू? येवढ्या वर्षांचा कागद कोन ठेवतंय? बारा वर्षं झाली की समदी जाळतेत."

बारा वर्षं. बाईंनी चहाची वाट बघितली नाही.

"कागद जळाला," त्या म्हणाल्या. "आज सकाळी. एक्कावन्न सालचं पुडकं कुणीतरी चुलीत घातलं."

त्यांना वाटलं होतं, ह्याचा चेहरा उजळेल. तो उजळला नाही. दिनकररावाचा पानाचा तोबरा चघळायचा थांबला. कपाळाला आठी पडली.

"एक्कावन्न?" तो म्हणाला. "निस्तं तेवढंच?"

"तेवढंच. का हो?"

"काय न्हाई," असं म्हणून तो पिचकारी टाकायला उठला, आणि उठला तो आत गेला तो बाहेर आलाच नाही.

४

दुपारच्या गाडीला वेळ होता, पण पंचफुलेचं बोचकं बांधून तयार होतं. ती स्टेशनच्या वाटेवरच्या लिंबाखाली बसली होती. घरातल्या कुणी तिला सकाळपासून पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. दत्तराव थोडा लांब, पाठ करून उभा होता.

मालनबाई तिच्याजवळ खाली बसल्या. खरं सांगायचं तर त्यांचा अजून हिच्यावरही विश्वास बसला नव्हता.

"आडावर दिनकरराव काय बोलला?"

पंचफुला बोचक्याची गाठ आवळत राहिली.

"हे बघ, तू गप्प राहिलीस तर ह्या गाडीत बसशील. आणि मग तुला कुणी आणायला यायचं नाही."

पंचफुलेनं पदरानं तोंड पुसलं. डोळे नव्हे, तोंड. रडायचं नाही असं तिनं ठरवलेलं दिसत होतं.

"मला म्हनला, तुझ्या भावाला गोदामावर कामाला लावतो. तेवढा घरातला एकसष्टचा कागद हाय का बघ आन् मला आनून दे. म्या म्हनलं, एकसष्टचे लय कागद हायेत, तुमाला एक बी भेटायचा न्हाई. आन् घागर उचलून निघून आले."

"हे घरात का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू, बाई? त्याच्यासंगं उबी ऱ्हायले हेच आधी धरलं असतं. आन् झालं बी तसंच."

मालनबाईंनी मनातल्या मनात हिशेब मांडला. जागा घेतली एक्कावन्नला. ती विकणाऱ्याचा पोरगा मागतो एकसष्टचा कागद. बाप वारला तरी बापाचं बोलणं पोराच्या कानावर असणारच. मग बापच दहा वर्षांनी कसा चुकला?

दहा वर्षांनी. त्यांना आपल्या वडिलांची वही आठवली.

त्या उठल्या. जाता जाता दत्तरावापाशी थांबल्या. "दत्तराव, नोकरीचं काय झालं तुमच्या?"

"कोन्ची नोकरी?"

"अहो, बन्सीधर तुमचा जन्माचा दाखला घेऊन गेले शाळेतून. अर्जाला लागतो म्हणाले."

दत्तरावानं पहिल्यांदाच मान वर केली. "म्या तर कुठं बी अर्ज केला न्हाई, बाई. दादा मला काय बोलला बी न्हाई."

लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली.

"बोचकं उचला," मालनबाई म्हणाल्या, "आणि दोघं घरी चला. गाडी आपली आपण जाईल."

५

सुलाबाईनं सुनेला परत आलेली बघून तोंड फिरवलं. मालनबाईंनी तिला तसंच राहू दिलं. त्यांनी ट्रंक ओसरीवर आणवली आणि बन्सीधरला समोर बसवलं.

"ती चिंधी कुठंय?"

बन्सीधरनं ती कोनाड्यातून काढून दिली. पुरावा म्हणून त्यानंच जपून ठेवली होती.

"ह्याची गाठ बघा," बाई म्हणाल्या. "ओढली की सुटते अशी सुरगाठ आहे. ती सुटलेली नाही. म्हणजे पुडकं न सोडता, जसंच्या तसं चुलीत घातलंय. चूल पेटवायला कागद हवा असता तर पंचफुलेनं गाठ ओढून चार कागद घेतले असते. बांधलेला गठ्ठा जळणाला कुणी घालतं का? तो पेटायलाच वेळ लागतो."

"मुद्दाम घातला असंल," कमलबाई म्हणाली. "दिनकररावानं सांगितलं असंल."

"दिनकररावानं तिला एकसष्टचा कागद मागितला होता. तिला घात करायचा असता तर एकसष्टचं पुडकं गेलं असतं. दिनकररावानं स्वतः केलं असतं तरी एकसष्टचंच गेलं असतं. तुम्हाला आकडा वाचता येत नाही, दत्तराव पाळीवर होते. आता ज्यानं जाळलं त्याला तीन गोष्टी जमत होत्या. त्याला वाचता येत होतं. जागा इंग्रजी एक्कावन्न साली घेतली, हे त्यानं कुठूनतरी काढलं होतं. आणि चिठ्ठीवर त्याचा एवढा भरवसा होता, की आत काय आहे हे सोडून बघायची त्याला गरज वाटली नाही. सोडून बघत बसलं तर जन्म जातो ना, बन्सीधर?"

बन्सीधरचा हात खिशाच्या पेनाकडे गेला आणि तिथंच राहिला.

"सुलाबाई, जागा घेतली ते साल तुम्ही कसं सांगता?"

"दत्त्या पोटात व्हता तवा," सुलाबाई नकळत म्हणाली. "मला कुठलं साल येतंय."

"म्हणजे साल हवं असेल तर दत्तरावांचा जन्म शोधायचा. तो शाळेच्या रजिस्टरात. गेल्या आठवड्यात नोकरीचं निमित्त सांगून तो दाखला माझ्याकडून कोण घेऊन गेलं? मीच सही करून दिला, मला काय माहीत! आणि दप्तरखान्यात जमिनीचा कागद कायम ठेवतात हे ज्याला पाठ आहे, तो स्वतःच्या आईला मात्र बारा वर्षांनी जाळ म्हणून सांगतो. आईनं ऐकलं नाही, म्हणून त्यानं स्वतःच काडी लावली."

मग दत्तराव एकदम पुढं आला, तशी बाईंनी हात आडवा धरला.

"दादा," तो म्हणाला, "बाई खोटं बोलायलेत म्हन. येकदा म्हन."

"काय करू मग?" बन्सीधर खाली बघत पुटपुटला. "दिनकरराव म्हणाला कागद जाळ, परभणीत खोली बांधून देतो. साल त्यानं सांगितलंच नाही, ते मी काढलं. इथं काय आहे? रुळाच्या कडेला दोन खोल्या. मी न्यायला तयार होतो सगळ्यांना... जळाला तो जळाला आता."

"आन् माझं?" पंचफुला पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. "मला जिंतूरला घालवायचं, ते बी खोली बांधायसाठीच का?"

बन्सीधर कोपऱ्यातल्या चपलांकडे वळला.

"जळाला नाही," मालनबाई म्हणाल्या.

त्यांनी ट्रंकेतून ६१ आकडा लावलेलं पुडकं काढलं आणि गाठीचं टोक ओढलं. शाळेच्या पावत्या, पगाराच्या चिठ्ठ्या, आणि मधोमध घडीवर विरलेला एक पिवळा कागद. मोडीच्या ओळी, खाली दोन अंगठे, आणि अगदी वर, 'सन ६१ फ.'

"फ म्हणजे फसली," बाई म्हणाल्या. "निजामाच्या राज्यातलं सारावसुलीचं साल. जुने लिहिणारे पोलीस ॲक्शननंतरही त्याच सवयीनं लिहायचे. तेराशे एकसष्ट, त्यात पाचशे नव्वद मिळवले की एकोणीसशे एक्कावन्न. नुसतं ६१ बघितलं तर दहा वर्षांनी फसायला होतं. माझ्या वडिलांच्या वहीतलं २८ तसलंच. दिनकररावाचा बाप फसलीतच बोलत असणार, म्हणून पोरगा एकसष्ट मागत होता. आणि पंचफुलेला मोडी येत नाही, फक्त आकडा आला. तिनं चुकून तो एकसष्टात बांधला."

पंचफुलेनं तोंडावर हात ठेवला. "म्हंजी माझं चुकलंच की, बाई."

"चुकलं. म्हणून घर राहिलं."

सुलाबाई उठली. तिनं तो कागद हातात घेतला, दोन अंगठ्यांपैकी एकावरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याचा अंगठा कुठला हे तिला ठाऊक असावं. मग ती सुनेपुढं जाऊन उभी राहिली. तिनं कमरेची ट्रंकेची किल्ली सोडली आणि पंचफुलेच्या पदराला स्वतःच्या हातानं बांधली.

बन्सीधरनं चपला घातल्या. कमलबाई रडत रडत पिशवी भरत होती. त्याला कुणी थांबवलं नाही, कुणी जा म्हणालंही नाही.

"ह्यो आता कंच्या सालात ठेवू?" पंचफुलेनं बैनामा धरून सासूला विचारलं. "एक्कावन्नात का एकसष्टात?"

"तू ठेवला व्हतास तिथंच ऱ्हाऊ दे," सुलाबाई म्हणाली.

तिनं तो परत एकसष्टात घातला. मग कडेला पडलेली ती जळकी चिंधी उचलली. पुठ्ठ्यावरचा आकडा आता जवळजवळ पुसला होता.

"आन् ह्ये, आत्या? ह्ये कवर ठेवायचं?"

सुलाबाईनं दाराकडं बघितलं. बन्सीधर उंबऱ्यावर उभा होता, पाठमोरा. तो ऐकत होता हे त्याच्या मानेवरून कळत होतं.

"बन्सी म्हनतो बारा वर्सं," ती म्हणाली. "तर बारा वर्सं ठेव. तवर कवा चुकलं म्हनत आला माघारी, तर तू आन् मी मिळून जाळू."